गर्दीच्या तासाचा हिशेब : कोल्हापूरसारख्या शहरात कोंडी आणि इंधनाचा अपव्यय कसा कमी करावा

शहरातील वाहतुकीविषयी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात, त्यांत तक्रारीपेक्षा संभ्रमच अधिक असतो. सिग्नलवर इंजिन बंद केल्याने पेट्रोल वाचते की पुन्हा चालू करताना जास्त जाते, सहकाऱ्याला मोटारीत घेऊन त्याच्याकडून पेट्रोलचे पैसे घेणे बेकायदा आहे काय, चौकातल्या कोंडीची तक्रार महापालिकेकडे करावयाची की पोलिसांकडे, आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न म्हणजे एकट्याने काही बदलल्याने फरक तो काय पडणार. प्रस्तुत लेखात या प्रश्नांची उत्तरे कोल्हापूर शहर डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. सांगली, सातारा, अहिल्यानगर किंवा लातूर येथील वाचकांना चौकांची नावे बदलून त्यांतील बहुतेक भाग वापरता येईल.

कोंडी रस्त्यावर होत नाही, चौकाच्या तोंडाशी होते

उपाय निवडण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. रस्त्याची वाहून नेण्याची क्षमता त्याच्या सर्वांत रुंद भागावर ठरत नसून चौकाच्या अलीकडील पन्नास-साठ मीटरांत जेवढी मोकळी रुंदी शिल्लक असते, तेवढ्यावरच ठरते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रचलित सूत्रानुसार सिग्नलच्या चौकाकडे येणाऱ्या रस्त्याच्या दर मीटर रुंदीमागे, हिरवा दिवा सलग तासभर चालू आहे असे धरल्यास, सुमारे 525 ‘मोटार-एकके’ पुढे जाऊ शकतात. मोटार-एकक म्हणजे निरनिराळ्या वाहनांनी अडवलेल्या जागेची तुलना करण्याचे माप असून त्यात मोटार एक, दुचाकी साधारण अर्धी आणि बस दोन ते साडेतीन धरली जाते.

समजा, चौकाकडे येणारा रस्ता 8 मीटर रुंद आहे आणि हिरवा दिवा एकूण वेळेच्या चौथ्या हिश्श्याइतका मिळतो. अशा ठिकाणी तासाला सुमारे 1,050 मोटार-एकके बाहेर पडतात. आता त्याच तोंडाशी कोपऱ्यावरच्या दुकानासमोर एक टेम्पो लावला आणि 2 मीटर रुंदी गेली, तर हा आकडा 790 च्या आत येतो. एका टेम्पोने तासाला 260 मोटारी किंवा 500 हून अधिक दुचाकी मागे थोपवून धरल्या जातात, आणि त्या टेम्पोचा मालक मात्र मनापासून सांगत असतो की, त्याने रस्ता अडवलेला नाही, बाजूने गाड्या जातच आहेत.

कोल्हापुरात खासगी सहभागातून सुमारे 50 किलोमीटरचे रस्ते विकसित झाले, त्यावरील टोलविरुद्ध शहराने दीर्घ आंदोलन करून तो रद्द करून घेतला, रस्ते रुंद राहिले. तरीही दाभोळकर कॉर्नर, व्हीनस कॉर्नर किंवा परीख पुलाच्या तोंडाशी संध्याकाळी लागणारी रांग संपली नाही, त्याचे मोठे कारण येथेच आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालय इमारतीत सुरू झाल्यामुळे भाऊसिंगजी रोड व दसरा चौकाच्या परिसरात सकाळच्या वेळी नवी वर्दळ आली आहे, आणि तेथे रुंदीकरणाला वाव जवळजवळ नाही.

दुसरी गोष्ट अधिक आशादायक आहे. चौकाची क्षमता पूर्ण भरत आली म्हणजे प्रत्येक नवे वाहन मागच्या सर्वांचा वेळ वाढवते. उलट, थोडीशी वाहने कमी झाली तरी रांग एकदम विरघळते. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत कार्यालये, दवाखाने, बाजार सर्व चालू असूनही सकाळी रस्ता मोकळा वाटतो, तो केवळ शाळेच्या फेऱ्या बंद झाल्यामुळे. तेव्हा सर्वांनी वाहने सोडावीत अशी कोणतीही अपेक्षा येथे नाही. दहांपैकी एका फेरीची वेळ, वाहन किंवा थांबण्याची जागा बदलली तरी पुष्कळ होते, आणि ती एक फेरी आपली असू शकते काय, एवढेच तपासावयाचे आहे.

प्रथम आठवडाभराची नोंद ठेवावी

अंदाजाने घेतलेला निर्णय चार दिवसांत मोडतो. म्हणून आपण सोमवार ते शनिवार पुढील चार गोष्टी वहीत किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवाव्यात :

- घरातून निघण्याची आणि पोहोचण्याची नेमकी वेळ;
- वाटेत पूर्ण थांबून काढलेली मिनिटे, चौकाच्या नावासह;
- वाहनात किती माणसे होती;
- फेरीचे कारण, म्हणजे नोकरी, शाळा, बाजार, बँक यांपैकी काय.

पेट्रोलची लहान मोटार उभ्या जागी चालू ठेवल्यास तासाला साधारण 0.6 ते 0.8 लिटर पेट्रोल जळते, आणि वातानुकूलन चालू असल्यास त्याहून अधिक. जाता-येता मिळून रोज 24 मिनिटे थांबावे लागत असेल, तर मधला 0.7 लिटरचा दर धरून दिवसाला 0.28 लिटर, कामाच्या 25 दिवसांत 7 लिटर, आणि पेट्रोल लिटरला 105 रुपये धरल्यास महिन्याला 735 रुपये एकाही मीटरचे अंतर न कापता खर्च होतात. दुचाकीचा आकडा बराच कमी येतो. पण कोल्हापुरात दुचाकींची संख्या पाहता शहराच्या एकूण हिशेबात तो लहान राहत नाही.

या गणितात एक उणीव आहे, ती लक्षात ठेवावी. रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दहा-दहा फूट सरकताना जळणारे इंधन उभ्या इंजिनापेक्षा पुष्कळ अधिक असते आणि ते वरच्या हिशेबात आलेले नाही. त्यामुळे सिग्नलवर इंजिन बंद करण्यापेक्षा गर्दीच्या रांगेत मुळात न सापडणे अधिक किफायतशीर ठरते, आणि पुढील उपायांचा क्रमही त्यानुसारच लावला आहे.

वेळ बदलणे

राज्य शासनाने 2020 च्या फेब्रुवारीअखेर पाच दिवसांचा आठवडा लागू करताना कार्यालयीन वेळ सकाळी 9.45 ते सायंकाळी 6.15 अशी केली. पुढे फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवावेत, असे ठरले. मुलांच्या झोपेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता; परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, पूर्वी सात-साडेसातला उरकणारी शाळेची फेरी कार्यालयाच्या फेरीला येऊन भिडली. आपल्या नोंदीत 8.40 ते 9.40 हा एक तासच सर्वांत वाईट दिसत असेल, तर त्यामागे बव्हंशी हेच कारण असावे.

नोकरदारांसाठी. पंधरा-वीस मिनिटांचा फरकही पुरेसा असतो. तासभर आधी निघण्याची गरज नसते. सलग तीन दिवस 20 मिनिटे आधी आणि पुढील तीन दिवस 20 मिनिटे उशिरा निघून प्रवासाची मिनिटे मोजून पाहावीत, म्हणजे कोणती बाजू लाभदायक आहे ते कळते. खासगी कंपन्या, बँका व संस्था यांतील कर्मचाऱ्यांनी लवचीक वेळेचा अर्ज करताना ‘वाहतुकीचा त्रास होतो’ असे मोघम कारण न लिहिता ‘9.00 ऐवजी 9.30 ला येऊन 30 मिनिटे अधिक थांबण्याची तयारी आहे, प्रायोगिक मुदत एक महिना’ असे लिहावे. मुदत आणि भरपाई स्पष्ट असलेल्या अर्जाला होकार देणे व्यवस्थापनालाही सोपे जाते.

कारखानदारांसाठी. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींकडे शहरातून जाणारी वाहने तावडे हॉटेल किंवा सायबर चौकाच्या बाजूने एकाच वेळी लोटतात. शेजारच्या चार-पाच कारखान्यांनी पाळीच्या वेळा आपसांत पंधरा मिनिटांच्या फरकाने लावल्या, तर त्यासाठी कोणत्याही शासकीय योजनेची वाट पाहावी लागत नाही. मात्र कारखान्यांना लागू असलेल्या कायद्यानुसार कामाच्या वेळांची सूचना लावणे व बदल निरीक्षकाला कळविणे बंधनकारक असल्याने ते आधी करावे.

पालकांसाठी. या गटाच्या हातात सर्वांत जास्त आहे आणि तोच स्वतःला सर्वांत हतबल समजतो. महाराष्ट्रात 2011 पासून लागू असलेल्या शालेय बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असणे आवश्यक असून मुख्याध्यापक, पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस आणि परिवहन विभागाचा प्रतिनिधी तिच्यात असतात. अनेक शाळांत ही समिती कागदावरच राहते. पालकांनी लेखी अर्जाद्वारे तिची बैठक मागावी आणि त्या बैठकीत पुढील मागण्या मांडाव्यात :

1. दोन फाटके असल्यास इयत्तांनुसार विभागणी करावी आणि सुटण्याच्या वेळेत 10 मिनिटांचा फरक ठेवावा.
2. मुलांना सोडण्याची जागा फाटकासमोर न ठेवता 100-150 मीटर अलीकडे, पदपथ असलेल्या बाजूला ठरवावी, आणि तेथून मोठ्या मुलांनी चालत जावे.
3. रिक्षामामा व शाळेच्या बस यांची थांबण्याची जागा वेगळी आखून द्यावी, कारण सहा-सात मुले आणणारी एक रिक्षा सहा-सात दुचाकी रस्त्यावर येण्यापासून वाचवते आणि तरीही फाटकावर तिलाच सर्वप्रथम हुसकावले जाते.

वाहन बदलणे

आपल्या नोंदीतील फेऱ्या अंतरानुसार वेगळ्या केल्यास निर्णय सोपा होतो. दीड किलोमीटरच्या आतील फेरीला चालणे हा पर्याय खरोखर वेळेतही बसतो. महाद्वार रोड, पापाची तिकटी, मिरजकर तिकटी किंवा लक्ष्मीपुरी या भागात दुचाकीने जाऊन जागा शोधण्यात जाणारा वेळ धरला, तर पायी जाणारा अनेकदा आधी पोहोचतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना अंबाबाईच्या दर्शनाला नेताना मोटार दूरच्या वाहनतळावर लावून चालत जावे, हे त्यांना आधीच सांगून ठेवणे बरे.

दोन ते आठ किलोमीटरच्या नियमित फेरीसाठी केएमटीचा, म्हणजे महापालिकेच्या बससेवेचा, विचार करावा. बस रस्त्यावर तीन मोटारींएवढी जागा घेऊन चाळीस-पन्नास माणसे नेते, तर तेवढ्याच जागेत तीन मोटारी मिळून चार-पाच माणसे असतात. बसच्या फेऱ्यांबाबत वाचकांची नाराजी खरी आहे, पण उपाय निवडताना आपल्या मार्गावरील बस दर किती मिनिटांनी येते एवढेच पाहावे. अंतर 15 मिनिटांच्या आत असेल तर बस रोजसाठी वापरता येते. अर्ध्या तासाचे असेल तर ठरलेल्या एकाच फेरीभोवती दिनक्रम बसवावा लागतो. त्याहून अधिक असेल, तर आठवड्यातून दोन दिवसांचा प्रयोग करणे व्यवहार्य. मासिक पास लगेच काढू नये. महिन्याला बसचे प्रत्यक्ष किती दिवस होतात ते पाहून मग काढावा.

सहप्रवास आणि त्यातील कायद्याची रेषा

एकाच वसाहतीतून एकाच कार्यालयाकडे जाणाऱ्या तिघांनी एका मोटारीतून जाणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. परंतु पैशांच्या प्रश्नावर तो अडतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 नुसार भाडे घेऊन प्रवासी नेण्यासाठी परवाना लागतो आणि पांढऱ्या पाटीच्या खासगी वाहनाला तो नसतो. शिवाय खासगी मोटारीच्या विमा करारात भाड्याने वापर सामान्यतः वगळलेला असल्याने अपघात झाल्यास भरपाईचा दावा अडचणीत येऊ शकतो. यातून पुढील मार्ग सुरक्षित ठरतो :

- पैशांची देवाणघेवाण न करता आठवड्याच्या पाळीने प्रत्येकाने स्वतःची मोटार काढावी.
- एकाकडेच मोटार असेल, तर इतरांनी प्रत्येक फेरीला ठरावीक रक्कम देऊ नये. अशा रकमेला भाड्याचे रूप येते.
- अनोळखी प्रवासी घेण्यासाठी खासगी वाहनाची समाजमाध्यमांवर जाहिरात करू नये.
- थांबण्याची वेळ कडक ठेवावी. पाच मिनिटांहून अधिक वाट पाहू नये, असे पहिल्याच दिवशी ठरवावे. बहुतेक सहप्रवास इंधनाच्या पैशांवरून नव्हे, तर वाट पाहण्यावरून मोडतात.

ग्रामीण भागातून शहरात येणाऱ्यांचा मोठा आधार असलेले वडाप या संदर्भात वेगळे समजावे. तेथे प्रवासी भाडे देत असतो, म्हणून वाहनाचा परवाना, पिवळी पाटी आणि आसनसंख्या पाहण्याचा त्याला अधिकार आहे. वडापच्या गाड्या बसथांब्यावरच उभ्या राहू लागल्या की बस रस्त्याच्या मध्यभागी थांबते आणि मागची सारी रांग अडते. त्यांना थांब्यापासून दूर स्वतंत्र जागा आखून देण्याची मागणी ही बस आणि वडाप दोहोंच्या प्रवाशांच्या हिताची आहे.

सिग्नलवर इंजिन : बंद करावे की चालू ठेवावे ?

इंजिन पुन्हा सुरू करताना जास्त पेट्रोल जाते, ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातील आहे. 1 एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-6 वाहनांत, बहुतेक दुचाकींसह, इंधन मोजून आत सोडणारी फवारणी-प्रणाली असते आणि गरम इंजिन पुन्हा सुरू करण्यास लागणारे इंधन साधारण दहा सेकंद उभ्या इंजिनाला लागणाऱ्या इंधनाएवढेच असते. ऑक्टोबर 2020 मध्ये दिल्ली सरकारने लाल दिव्यावर इंजिन बंद करण्याची मोहीम चालविली, तिचा आधार हाच होता. व्यवहारात पुढील नियम पुरेसे आहेत :

- उलटी गणती दाखविणाऱ्या सिग्नलवर 20 सेकंदांहून अधिक शिल्लक असल्यास इंजिन बंद करावे व 5 सेकंद उरल्यावर सुरू करावे. उशिरा सुरू करणारी पहिली ओळ हिरव्या दिव्याचे मोलाचे सेकंद घालवते आणि इंधन वाचविण्याचा हेतूच मागच्या रांगेच्या मुळावर येतो.
- जुन्या कार्ब्युरेटरच्या दुचाकीसाठी ही मर्यादा अर्धा मिनिट धरावी.
- बॅटरी कमकुवत असल्यास, किंवा चढावर उभे असल्यास, हा प्रयोग करू नये.
- वाहन पूर्ण थांबल्याखेरीज किल्ली फिरवू नये. इंजिन बंद झाल्यावर मोटारीच्या ब्रेकला व सुकाणूला मिळणारे साहाय्य थांबते.

शेवटच्या मुद्द्याशी निगडित असलेली एक जुनी सवय येथेच नोंदविणे योग्य होईल. पन्हाळ्याहून किंवा आंबा घाटातून उतरताना इंजिन बंद करून अथवा गिअर काढून गाडी सोडून देणारे अनेक जण त्यास काटकसर समजतात. वास्तविक आधुनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो. म्हणजे गिअर काढल्याने बचत होत नाही आणि धोका मात्र पदरी पडतो.

टायरमधील हवा पंधरा दिवसांतून एकदा थंड टायरमध्ये तपासावी. प्रदूषण तपासणी प्रमाणपत्र, म्हणजे पीयूसी, बीएस-4 व त्यापुढील वाहनांना वर्षातून एकदा आणि जुन्या वाहनांना सहा महिन्यांतून एकदा लागते. ते केवळ दंड टाळण्यासाठी न घेता कागदावरील आकडे मागच्या वेळच्या आकड्यांशी ताडून पाहावेत, कारण कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वाढलेले दिसले तर इंधन अर्धवट जळून वाया जात आहे असा त्याचा अर्थ होतो.

उभे वाहन : पन्नास मीटरांचा नियम आणि आपले हक्क

मोटार वाहने (वाहनचालन) विनियम, 2017 नुसार चौकाच्या कडेपासून 50 मीटरपर्यंत, पदपथावर, बसथांब्याजवळ, शाळा व रुग्णालयांच्या प्रवेशद्वाराजवळ आणि आधीच उभ्या असलेल्या वाहनाला समांतर असे दुसऱ्या रांगेत वाहन उभे करण्यास मनाई आहे. यासाठी त्या ठिकाणी फलक असलाच पाहिजे असे नाही. ‘दोनच मिनिटे’ ही सबब येथे विशेष घातक ठरते, कारण वर दिलेल्या हिशेबात टेम्पो किती वेळ उभा होता याला महत्त्व नसून तो हिरव्या दिव्याच्या वेळी कोठे उभा होता, याला आहे.

उचलून नेलेल्या वाहनांबाबत वाचकांत मोठा संभ्रम आढळतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 127 नुसार मनाई असलेल्या जागी उभे केलेले, किंवा सार्वजनिक ठिकाणी दहा तास वा अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन हलविण्याचा अथवा त्याचे चाक जखडण्याचा आदेश त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकारी देऊ शकतो. यावरून :

- केवळ कंत्राटदाराच्या माणसांनी, गणवेशधारी अधिकारी नसताना, वाहन उचलल्यास आपण हरकत घेऊ शकता. त्या वेळी शक्य असल्यास छायाचित्र घ्यावे.
- दंड व वाहून नेण्याचा खर्च या दोन्हींची पावती मागावी. पावतीविना रक्कम देऊ नये.
- सम-विषम तारखेच्या किंवा ठरावीक वेळेच्या मनाईबद्दल वाद असल्यास तिची अधिसूचना कोणत्या तारखेची आहे ते विचारावे. अधिसूचना किंवा फलक दोन्ही नसतील आणि जागा वरील विनियमातही बसत नसेल, तर मनाईला आधार उरत नाही.
- अधिकाऱ्याशी रस्त्यावर हुज्जत घालून मागची रांग वाढवू नये. लेखी तक्रार नंतरही करता येते.

दुकानदारांपुढील प्रश्न वेगळा आहे. लक्ष्मीपुरीची धान्य बाजारपेठ, शाहूपुरी, राजारामपुरी या भागांत माल उतरविणे अटळ आहे. पण तो सकाळी 9 ते 11 व संध्याकाळी 5 ते 8 या वेळांत उतरविणे अटळ नाही. एका गल्लीतील दुकानांनी मिळून पहाटेची किंवा दुपारी 2 ते 4 ची वेळ ठरवून घेतली आणि पुरवठादारांना एकत्रित पत्र दिले, तर वाहतूकदारही सहसा राजी होतात, कारण त्यांचाही डिझेलचा खर्च वाचतो. ज्या इमारतींचे मंजूर वाहनतळ तळघरातील गोदामात किंवा गाळ्यांत रूपांतरित झाले आहे, तेथील रहिवाशांनी आणि ग्राहकांनी महापालिकेच्या नगररचना विभागाकडे मंजूर नकाशाची प्रत मागून महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 खाली तक्रार करावी. रस्त्यावर लागणाऱ्या वाहनांचा एक मोठा भाग अशाच हरवलेल्या तळघरांतून बाहेर आलेला असतो, आणि या तक्रारी फार कमी होतात.

फेरीवाल्यांना हटविले की कोंडी सुटेल, ही मागणीही वारंवार येते. 2014 च्या पथविक्रेता अधिनियमाने विक्रेत्यांना उपजीविकेचे संरक्षण दिले असून सर्वेक्षण होऊन जागा ठरेपर्यंत त्यांना उठविता येत नाही. जागा नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशीनुसार ठरतात आणि तिच्यात 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात. म्हणून ‘हटवा’ असा अर्ज न करता ‘चौकाच्या तोंडापासून 50 मीटर मोकळे ठेवून पुढे जागा आखून द्या’ असा अर्ज समितीकडे करावा. पदपथाबाबत नागरिकांची बाजूही भक्कम आहे, कारण मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळ्याविना पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे म्हटले आहे.

तक्रार कोणाकडे करावी

चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनोन्‌महिने फिरत राहतो. सर्वसाधारण विभागणी अशी असते :

- शहर वाहतूक नियंत्रण शाखा : सिग्नलच्या वेळा, चौकात पोलिसाची नेमणूक, बेकायदा उभी वाहने.
- महापालिका : सिग्नल उभारणे व दुरुस्त करणे, खड्डे, पदपथ, रस्त्यावरील पट्टे, वाहनतळ, केएमटी.
- जिल्हादंडाधिकारी किंवा जिल्हा पोलीस अधीक्षक : एकेरी मार्ग, अवजड वाहनांना वेळेची बंदी, वाहन उभे करण्यास मनाई अशा अधिसूचना. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नसल्याने हे अधिकार जिल्हा पातळीवर आहेत.
- राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण : महामार्गावरील व सेवारस्त्यांवरील अडथळे, मदतवाहिनी 1033.
- जिल्हा रस्ता सुरक्षा समिती : दोन-तीन यंत्रणा एकमेकींकडे बोट दाखवीत असतील तेव्हा.

अर्जात एकच चौक, एकच वेळ आणि एकच मागणी असावी. ‘शहरातील वाहतूक सुरळीत करावी’ या मागणीवर कोणत्याही लिपिकाला ‘कार्यवाही सुरू आहे’ असे उत्तर देता येते. ‘अमुक चौकात सायंकाळी 6 ते 7.30 या वेळेत डावीकडे वळणाऱ्या मार्गिकेतील रिक्षाथांबा 60 मीटर मागे न्यावा’ या मागणीवर तसे देता येत नाही. सोबत आपली आठवड्याची नोंद, वेळ दिसणारी चार छायाचित्रे आणि शेजारच्या दहा-पंधरा जणांच्या सह्या जोडाव्यात. उत्तर न आल्यास दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनासाठी पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा.

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली 10 रुपये शुल्क भरून माहिती मागविल्यास 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. न मिळाल्यास 30 दिवसांच्या आत पहिले अपील आणि त्यानंतर 90 दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे अपील करता येते. ‘कोंडी का होते’ असा प्रश्न या कायद्यात बसत नाही, कारण त्याखाली अस्तित्वात असलेले दस्तऐवजच मिळतात. म्हणून पुढील कागदांच्या प्रती मागाव्यात : संबंधित सिग्नलच्या वेळांचा तक्ता व त्यात शेवटचा बदल कधी झाला याची नोंद, वाहन उभे करण्यास मनाई करणाऱ्या अधिसूचना, विकास आराखड्यात वाहनतळासाठी आरक्षित भूखंडांची यादी व त्यांचा सध्याचा वापर, मागील तीन महिन्यांत आपल्या मार्गावर ठरलेल्या व प्रत्यक्ष धावलेल्या केएमटी फेऱ्या. यांतील पहिला तक्ता बहुधा सर्वांत उपयोगी ठरतो. पुष्कळ ठिकाणी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सिग्नलची वेळ एकच ठेवलेली आढळते, आणि गर्दीच्या बाजूला दहा सेकंद वाढवून देण्यास एक पैसाही लागत नाही.

ऊसहंगामापूर्वी करावयाचे काम

कोल्हापूरच्या कोंडीचे एक वैशिष्ट्य असे की, ती ऋतूप्रमाणे बदलते. गळीत हंगाम सुरू झाला की दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या कसबा बावड्याच्या साखर कारखान्याकडे, तसेच फुलेवाडी व शिवाजी पुलाच्या बाजूने, शहराच्या हद्दीतून धावू लागतात. त्यांचा वेग कमी, लांबी मोठी आणि वळण रुंद असल्यामुळे एक ट्रॅक्टर चौक ओलांडेपर्यंत हिरवा दिवा संपून जातो. ऊस थांबविता येत नाही आणि थांबवावा असे कोणी म्हणणारही नाही. पण गर्दीच्या दोन-दोन तासांत ही वाहने शहराबाहेर ठरलेल्या जागी थोपविणे, त्यांच्यासाठी मार्ग आखून देणे आणि प्रत्येक ट्रॉलीला मागे परावर्तक लावणे, या तीन गोष्टी अधिसूचनेने व कारखान्याच्या सहकार्याने होऊ शकतात. अशा अधिसूचनेवर हरकती व सूचना मागवून ती लागू होण्यास काही आठवडे जातात. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते. तेव्हा बावडा रोड, लाइन बाजार किंवा फुलेवाडी परिसरातील रहिवाशांनी आपला अर्ज जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक व कारखान्याचे शेती अधिकारी या तिघांकडे गणेशोत्सवाच्या सुमारासच दिलेला बरा, कारण पहिली मोळी टाकली गेल्यावर ऊसतोड टोळ्या, वाहतूकदार आणि कारखाना यांचे करार व फेऱ्यांचे वेळापत्रक ठरून गेलेले असते.